डबा कुणाच्या नावाचा

नांदेड
८ सप्टेंबर १९९६

मल्लिनाथअण्णांना बानोचा सलाम.

मी ताहेरची मोठी बहीण. लातूरच्या दवाखान्यात तुम्ही सफरचंदांची पिशवी घेऊन दारापाशी उभे होतात आणि मी आपली रडण्यात गुंतलेली. मागून नर्स म्हणाली, ते ह्याचे सुपरवायझर होते. तोवर तुम्ही निघून गेलेले. पिशवी तेवढी खाटेखाली राहिली. तुमच्यासारखा माणूस आला आणि मी पाणीसुद्धा विचारलं नाही, याची शरम वाटते, म्हणून हे पत्र.

ताहेरला आता माझ्याजवळ आणलंय. मांडीचं हाड दोन जागी मोडलं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण शिडी विसरा. आता वायरमननं शिडी विसरायची म्हणजे काय करायचं, हे डॉक्टरांना कोण विचारणार? आमचे अब्बा लोह्याला लाइनमन होते. ह्या पोरानं त्यांच्या पायांशी बसून तारा जोडायच्या तेवढ्या शिकल्या, दुसरं काही येत नाही त्याला. माझ्या घरी मी, माझी शिलाई मशीन आणि आता खाटेवर हा. माझे मालक जाऊन चार वर्षं झाली, ते तुम्हाला ताहेरनं सांगितलं असेल.

मी ज्यांचे ब्लाऊज शिवते त्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या शेठनं कामगारांचा विमा काढलेला असणार. माणूस एका साइटवरून दुसऱ्या साइटवर कामासाठी जात असताना पडला तर तो कामावरच पडला असं धरतात. आपल्या मर्जीनं भटकायला गेला असेल तर मात्र काही नाही. ताहेर सांगतो, बार्शी रोडच्या साइटवरून औसा रोडच्या साइटवर स्लॅबमधले वायरिंगचे पाइप टाकायला सायकलवर निघालो होतो, मागून टेम्पोनं उडवलं. त्याला कुणी पाठवलं असेल तर तुम्हीच ना, अण्णा? दोन्ही साइट तुमच्याच हाताखाली. म्हणजे सगळं तुमच्या एका शब्दावर आहे. तो शब्द तुम्ही द्यालच, ही खात्री आहे.

तो तुमचं नाव फार घेतो. अण्णा असे, अण्णा तसे. ऐकून ऐकून मीही तुम्हाला अण्णाच म्हणू लागले, राग नसावा.

बानो

---

लातूर
१७ सप्टेंबर १९९६

बानोआपांना शरणार्थ.

पत्र मिळालं. आपा, राग कसला येतोय, तुम्ही अण्णा म्हणलात, लई बरं वाटलं. पाण्याचं काय घेऊन बसलात, ती येळ का पाणी विचारायची होती?

ताहेर म्हणजे सोन्यासारखा पोरगा. दोन वर्षं माझ्या हाताखाली हाय, एक दिवस उशीर न्हाई. स्लॅब पडायच्या आधी पाइप टाकायचे तर वायरमन हजर लागतो, आणि आमच्या दोन साइट गावाच्या दोन टोकांना. हा सायकल मारत इकडून तिकडं, तिकडून इकडं. भूकंपापासून लातुरात प्रत्येकाला कॉलमचं घर पाहिजे, दगडामातीच्या भिंतीखाली कुणी झोपायला तयार न्हाई. त्यात क्लासला येणारी पोरं एवढी, की जो उठतो तो होस्टेल बांधून राहिला. तेव्हा कामाची गडबड तुम्हाला काय सांगू.

माझी लेक अंबिका पण बारावीला हाय. बस स्टँडमागं खोली करून राहती चार पोरींत. मी साइटवरच झोपतो. आमचं घर भूकंपात गेलं, नवीन घराची चावी अजून हातात न्हाई, म्हणून मंडळी तिकडं गावाकडं पत्र्याच्या शेडातच हाय, शेड सोडलं तर नंबर जाईल ह्या भेवानं. पोरीचा डबा तिकडनं रोज सकाळच्या एसटीनं येतो. लातुरात निम्मी पोरं अशीच शिकून राहिली, आईच्या डब्यावर आणि कंडक्टरच्या भरवशावर.

विम्याचं म्हणता, तर शेठनं मला विचारलं होतं, ताहेर त्या वेळी तिथं कशाला गेला. माझ्या तोंडून गेलं, की मला न सांगता गेला असंल. गडबडीत बोलण्यात आलं. नंतर बघू काय करता येतं ते. तुम्ही काळजी करू नका. त्याला दूध-अंडी द्या.

मल्लिनाथ

---

नांदेड
३ ऑक्टोबर १९९६

मल्लिनाथअण्णांना सलाम.

आज हे रागानं लिहितेय की शरमेनं, ते अल्लालाच ठाऊक.

काल विमा कंपनीचा माणूस आला होता. चांगला बोलणारा, चहा घेतला, खुर्ची खाटेजवळ ओढली. मग म्हणाला, "ताहेरभाई, बार्शी रोडवरून औसा रोडला जायला सरळ रस्ता आहे. तुम्ही बस स्टँडमागच्या गल्लीत सापडलात. त्या गल्लीत कॉलेजच्या मुलींच्या खोल्या आहेत. तिथं काय काम होतं?"

हा म्हणाला, "चहा प्यायला गेलो होतो."

"त्या गल्लीत चहाचं दुकान नाही," तो म्हणाला. "आणि दुसरं. स्टँडवरच्या लोकांनी तुम्हाला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा नाव सांगितलं व्यंकटी. मी स्टँडवर चौकशी केली. पानवाला, हमाल, सगळे तुम्हाला व्यंकटीच म्हणतात. कामावर ताहेर, स्टँडवर व्यंकटी. मग विमा आम्ही कोणत्या माणसाचा द्यायचा?"

ताहेरनं भिंतीकडं तोंड केलं. तो माणूस जाताना मला म्हणाला, "बाई, त्यांच्या सुपरवायझरचंही म्हणणं आहे की हा न सांगता गेला." आणि मी तुमचं पत्र वाचलेलं असून मान खाली घालून उभी राहिले.

अण्णा, अब्बांनी ह्याचं नाव ठेवताना अख्ख्या मोहल्ल्यात शिरणी वाटली होती. ते नाव ह्याला जड झालं? खोटं नाव घेऊन हा पोरींच्या गल्लीत फिरत होता? तो गेल्यावर मी त्याला नको नको ते बोलले. अब्बा नाहीत ते बरं झालं असं बोलले. तो मोडक्या पायाचा माणूस, उठून जाऊही शकत नव्हता, आणि मी बोलत सुटले.

तुम्ही त्याला भावासारखं वागवलंत आणि त्यानं तुमच्या साइटची अब्रू घालवली. त्याच्या वतीनं मी माफी मागते. पण एवढं खरं सांगा. तो कुणाच्या पोरीच्या मागं होता का? माझ्यापासून लपवू नका. मी त्याची आई पण आहे आणि बाप पण.

बानो

---

लातूर
२९ ऑक्टोबर १९९६

बानोआपा,

उशीर झाला, माफ करा. दिवाळीच्या आधी तिसरा स्लॅब टाकायचा म्हणून शेठ डोक्यावर बसून राहिले. मला धड जेवायला फुरसत न्हाई.

माफी कसली मागता? पोरगा वाईट न्हाई. पण आता वय हाय, शहर हाय, आजूबाजूला पोरं-पोरी. कुणाच्या मनात काय असतं ते आपण कसं सांगावं? जाऊ द्या, जास्त खोलात शिरू नका, त्याला बोलू नका. विम्याचं न्हाई झालं तरी मी शेठला सांगून काही मदत काढतो.

अंबिका दिवाळीला गावाकडं आईजवळ जाणार हाय. मला यंदा जमत न्हाई.

मल्लिनाथ

---

नांदेड
१५ नोव्हेंबर १९९६

मल्लिनाथअण्णा,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते ताहेरला वाचून दाखवलं. "बघ, अण्णासुद्धा असंच म्हणतात," म्हटलं. तो रडला. पडल्यापासून पहिल्यांदा रडला. हाड बसवताना रडला नव्हता. तरी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, पश्चात्ताप होतोय. बघा कशी बहीण मी!

परवा दुपारी दारात एक बाई उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, डोक्यावर पदर, हातात तीन पुडांचा डबा. उदगीरकडून येतात तशी कुणी कापडवाली असेल वाटलं. मी म्हटलं, "कोण पाहिजे?"

"ताहेर कुठाय?" ती म्हणाली. "मी अंबिकाची आई."

तुमची गौरम्मा, अण्णा. एकटी, तीन गाड्या बदलून, पत्ता विचारत विचारत आलेली. घरात आली, ताहेरच्या खाटेवरच बसली. तो उठायला धडपडला. ती म्हणाली, "पड गप. मोठा आला पाया पडणारा." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी मध्ये उभी, मला काही उमजेना. हा कोण, ही कोण, ह्यांची ओळख कशी?

मग तिनं सांगितलं. तिचेच शब्द लिहिते, कारण ते माझ्या कानांतून जात नाहीत.

"बाई, माझ्या लेकीचा डबा दीड वर्षं ह्यानं पोचवला. स्टँडवर एसटीतनं उतरवून घ्यायचा, गल्लीत खोलीवर द्यायचा, मग पुढल्या साइटवर जायचं. आमच्या मालकांनी मला सांगितलं होतं, व्यंकटी नावाचा पोरगा आणतो म्हणून. पहिल्या महिन्यातच शिवप्पा कंडक्टर म्हणाला, 'वैनी, तुमचा व्यंकटी तर लोह्याच्या लाइनमनचा ताहेर हाय. मी लोह्याच्या गाडीवर होतो, लहानपणापासून वळखतो.' मी म्हणलं, असू द्या की! भूकंपानंतर महिनाभर कुणाकुणाच्या हातचं खाल्लं आम्ही. ट्रकमधून कोण वाढतंय त्याचं नाव विचारलं होतं का कुणी? मग मी डब्याला एक पुडा वाढवला. वरचा त्याचा. शिवप्पाला सांगितलं, त्याला म्हणावं खाल्ल्याबिगर सायकलवर बसायचं न्हाई."

मी विचारलं, मग अण्णांना का नाही सांगितलंत?

"त्यांना वाटतंय ना मला ठाऊक न्हाई, तर वाटू द्यावं म्हणलं. घरधन्याला खोटं पाडलं की दोन दिवस जेवत न्हाईत आमच्याकडं." एवढं बोलताना ती हसलीही थोडी. मग पुन्हा रडली. "पण यव्वा, हा असा मोडून पडलाय हे मला कुठं ठाऊक? मला सांगितलं, व्यंकटी काम सोडून गेला, आता डबा पोरगीच स्टँडवरनं नेती; शिवप्पा पण तेव्हापासून दुसऱ्या गाडीवर. मी घरातल्या दुसऱ्या डब्याचा वरचा पुडा काढून फळीवर ठेवून दिला. दिवाळीला पोरगी घरी आली, जेवायला बसली आणि ताटावरच रडायला लागली. बापानं तिला सांगितलं होतं, बोलायचं न्हाई, तुझं नाव येईल."

आता सांगा अण्णा, मी कुणाकडं बघू? गौरम्मा गेल्यावर मी ताहेरच्या खाटेशी खाली बसले. विचारलं, का बोलला नाहीस रे? तो म्हणाला, "आपा, त्या पोरीची बारावी आहे. मी रोज तिच्या खोलीवर जायचो असं बयानात आलं, तर लोक काय काय जोडतील. तिला घरी नेऊन बसवतील. माझा पाय तर गेलाच होता." आणि नाव? "अण्णा म्हणाले, कंडक्टरला व्यंकटी सांग. डब्यापुरतं एक नाव घातलं, डबा दिला की काढून ठेवलं. त्यात काय?"

त्यात काय! दीड वर्षं माझा भाऊ भर स्टँडवर दुसऱ्याच्या नावाला ओ देत होता आणि म्हणतो, त्यात काय.

मी त्याला जे बोलले ते आता परत कसं घेऊ, ते सांगणारं कुणी नाही. तुम्ही मला अर्ध्या ओळीत सांगू शकला असता. तुम्ही लिहिलंत, वय आहे, शहर आहे.

वकीलबाई म्हणतात, दोन डिसेंबरला तुमच्या शेठच्या ऑफिसात विमावाले शेवटचं बयान घेणार. ताहेर म्हणतो, अण्णांना काही लिहू नकोस. मी लिहिलं.

बानो

---

लातूर
२० नोव्हेंबर १९९६

बानोआपा,

काय तोंडानं लिहू. चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा साइटवर चक्कर मारून आलो. गौरम्मा घरी माझ्याशी बोलून न्हाई राहिली. गेल्या रविवारी गेलो तर ताट वाढलं आणि बाहेर जाऊन बसली.

मी तुम्हाला खरं सांगतो. डबा आणायला मला येळ मिळेना, तर ताहेर म्हणाला, मी रोज स्टँडवरून जातो, आणतो. मला लई बरं वाटलं. तेव्हाच डोक्यात आलं, गौरम्मा पूजा केल्याबिगर चूल पेटवत न्हाई, तिला हे पटायचं न्हाई. तिला विचारलं न्हाई. एकदाही न्हाई. मीच धरून चाललो. माझ्या हाताखाली व्यंकटी नावाचा एक गवंडी होता, तो काम सोडून गेला होता, त्याचं नाव रिकामं होतं, ते ह्याला दिलं. ताहेर हसला. म्हणाला, "चालतंय अण्णा." तो हसला म्हणून मला वाटलं, त्याला काही वाटलं न्हाई.

त्या दिवशी मीच त्याला पाठवला. "लवकर जा, दुपारी स्लॅब हाय, पाइप राहिलेत, आणि जाता जाता डबा," एवढं म्हणलो. पडल्याचं कळलं तसा पळत गेलो. त्याला रिक्षात घालून नेलेलं होतं. सायकल पडलेली, डबा चेपलेला, भाजी रस्त्यावर. आपा, मी पहिलं काय केलं, तर डबा उचलला. शर्टाखाली धरून साइटवर आणला आणि सिमेंटच्या गोण्यांमागं टाकला. मग दवाखान्यात आलो. आधी डबा, मग माणूस. सफरचंदं घेऊन दारात उभा होतो, ते तुम्हाला भलेपण वाटलं. मी आत यायला भेत होतो.

डब्याला तीन पुडं होती, हे पण मी पाहिलं होतं. आमच्या घरनं दोनच निघतात. तिसरा कुणाचा, हे डोक्यातच आलं न्हाई. माझ्या बायकोनं एवढं मोठं मन केलं आणि ते माझ्या हातात चेपून पडलं होतं.

शेठनं विचारलं, तेव्हा सांगायला पाहिजे होतं. पण शेठ म्हणायचे, माझ्या कामाच्या येळेत माझा माणूस तुझ्या घरचा डबा वाहतो? नोकरी जाईल, पोरीची फी, खोली, सगळं जाईल, असं वाटलं. एकदा न्हाई म्हणलो, मग न्हाईच म्हणत गेलो.

आणि खरंच, अंबिकाचं नाव बयानात आलं तर लोक काय म्हणतील, हे पण हायच की. तुम्हीच सांगा मी काय करू. तुम्ही म्हणाल तसं करतो.

मल्लिनाथ

---

नांदेड
२५ नोव्हेंबर १९९६

मल्लिनाथअण्णा,

मला विचारू नका. चांगलं व्हायचं पण माझ्या हुकमानं व्हायचं, असं नको.

अंबिकाच्या नावाचा पडदा तर अजिबात करू नका. तो पडदा ताहेरनं केला, स्वतःचा पाय देऊन केला. तुम्ही त्याच्याच मागं लपलात. तुमची पोर बोलायला तयार आहे म्हणूनच ती आईजवळ रडली. माझ्या भावावर पोरीच्या मागं असल्याचा डाग लागला, तेव्हा लोक काय म्हणतील हे तुम्हाला सुचलं नाही.

तुमचं पत्र मी ताहेरला वाचून दाखवलं नाही. "चालतंय अण्णा" म्हणताना तो हसला होता, ते त्याला पुन्हा आठवायला नको.

बानो

---

लातूर
८ डिसेंबर १९९६

बानोआपा,

दोन तारखेला बयान झालं. कसं झालं ते सगळं सांगतो, थोडं आपलंच गुणगान वाटलं तर पत्र फाडून टाका, कारण गुणगान करण्यासारखं माझ्याकडं काही न्हाई.

सकाळी गोण्यांमागनं तो डबा काढला. तीन महिन्यांत गंजून गेलेला. पिशवीत घेतला आणि ऑफिसात गेलो. शेठ, विमावाले साहेब, तुमच्या वकीलबाईंनी धाडलेला त्यांच्या ओळखीचा एक वकील, आणि मी. शेठ म्हणाले, "मल्लिनाथ, सांग साहेबांना, न सांगता गेला होता ना?"

मी म्हणलो, "न्हाई शेठ. मीच पाठवला." शेठला ऐकू गेलं न्हाई, पुन्हा म्हणावं लागलं.

साहेब म्हणाले, "मग त्या गल्लीत कशाला?"

डबा टेबलावर ठेवला. म्हणलो, "ह्याच्यापायी. माझ्या लेकीचा डबा. मी सांगितलं म्हणून तो रोज न्यायचा. त्याला त्या गल्लीत दुसरं काही काम नव्हतं. व्यंकटी हे नाव पण मीच दिलेलं. माझ्या घरी ताहेर हे नाव चालणार न्हाई असं मला वाटलं, आणि ते खोटं निघालं."

डब्याच्या वासानं शेठनं नाकाला रुमाल लावला. मग म्हणाले, "माझ्या कामाच्या वेळेत घरची कामं करून घेतोस? आणि साहेब, दोन साइटच्या मधला रस्ता माझ्या अंगावर येत नाही."

तो वकील म्हणाला, "पाइप टाकायला तर तुमच्याच स्लॅबचे निघाला होता ना? आणि वाट सुपरवायझरनं सांगितलेली."

मी म्हणलो, "डबा माझा होता, काम शेठचं होतं. ताहेरचं त्यात काहीच नव्हतं." एवढं मात्र न अडखळता बोललो.

साहेबांनी लिहून घेतलं. सही करताना विचारलं, मुलीचं नाव लिहू का? मी बाहेर बघितलं. अंबिका जिन्यात उभी होती, क्लास बुडवून, आईला घेऊन. तिनंच आत येऊन सांगितलं, "लिहा. अंबिका मल्लिनाथ." पोरगी एवढी उंच झालेली मी पाहिलीच नव्हती.

वकील म्हणतात, आता विमा नाकारता येणार न्हाई, संक्रांतीच्या आत निकाल लागावा. मला शेठनं त्याच दिवशी सुट्टी दिली, कायमची. पुनर्वसनाच्या घरांवर एक ठेकेदार गवंडीकामाला घेतो म्हणून राहिला. बघू. अंबिकाचा क्लास चालू राहील, गौरम्मानं तिच्या पाटल्या गहाण टाकल्या. त्यावर मी बोललो तर म्हणाली, "तुम्ही आता थोडे दिवस बोलूच नका."

ताहेरची सायकल मी दुरुस्त केली, म्हणजे रिम बदलली, बाकी पोचे तसेच. आता डबा मी आणतो, तिच्यावरच. पहिल्या दिवशी शिवप्पा गाडीच्या दारातून ओरडला, "व्यंकटीचा डबा!" मी पुढं झालो तर सगळे बघायला लागले. हमाल म्हणाला, "हे व्यंकटीचे कोण?" काय सांगू? डबा घेतला आणि मान खाली घालून निघालो. स्टँड ओलांडून जाईस्तोवर अंग गरम झालं होतं. तेवढ्या वाटेवरून तो रोज ओ देत गेला.

डबा पुन्हा तीन पुडांचा येऊन राहिला. गौरम्मा वरचा भरतेच. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मला वाटलं, आता मी आणतो म्हणून मला असंल. खोलीवर उघडायला गेलो तर अंबिकानं हात धरला. "बाबा, तो तुमचा न्हाई." मग तसाच बांधून दिवसभर सायकलला अडकवून हिंडलो आणि संध्याकाळी परत आणला. चार दिवस असं केलं. मग मला उमजलं, गौरम्मा काय करायला सांगून राहिली ते.

आज सकाळी वरचा पुडा फडक्यात बांधला आणि नांदेडच्या गाडीपाशी गेलो. कडक भाकरी हाय, खराब होत न्हाई. कंडक्टर नवीन होता. म्हणाला, "नाव काय सांगू? उतरवून कोण घेणार?" माझ्यामागं पोरांचे बाप, आया, स्टँडवरचे सगळे उभे. आपा, खोटं नाव मी किती सहज घेतलं होतं. हे खरं नाव घ्यायला मला येळ लागला, हे पण सांगून टाकतो. मग म्हणलो, "ताहेर."

"मोठ्यानं बोला, इंजिन चालू हाय."

"ताहेर! लोह्याच्या लाइनमनचा ताहेर. घ्यायला त्याची बहीण बानोआपा येतील."

पानवाला बघत होता. हमाल म्हणाला, "आँ? म्हणजे आपला व्यंकटी?" मी म्हणलो, "तो कधीच व्यंकटी नव्हता." आणि तिथंच थांबलो, गाडी सुटेपर्यंत.

हे पत्र उद्याच्या डब्यात घालतोय; आजचा डबा उतरवून घ्यायचा निरोप सकाळीच तुमच्या वकीलबाईंना फोन करून दिलाय. ताहेरला वाचून दाखवायचं का, ते तुम्ही ठरवा. त्यानं भाकरी खाल्ली तर मला कळवू नका, न्हाई खाल्ली तर कळवा. उद्या पण डबा याच गाडीनं येईल, परवा पण. रिकामा पुडा परत पाठवाल तेव्हा कंडक्टरला माझं नाव सांगा. मी स्टँडवर उभा राहीन, तो ओरडला की ओ देईन.

मल्लिनाथ